अर्धा करंडा

शाळेच्या हीरक महोत्सवाचा मेसेज आला तेव्हा मी कोल्हापूरजवळ शिरोलीत माझ्या पॅटर्न शॉपमध्ये (धातूच्या ओतकामासाठी लागणारे लाकडाचे नमुने बनवतो तिथे) होतो, हाताला फेव्हिकॉल लागलेला, आणि "स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या" एवढंच वाचलं आणि पहिल्यांदा डोळ्यासमोर आलं ते वर्कशॉप. मागच्या बाजूचं, कौलारू, पावसात दारातून पाणी आत यायचं ते. आणि आपले वर्कशॉपचे सर. त्यांचं नाव लिहायची गरजच नाही, आपल्या शाळेत वर्कशॉपचे सर म्हटलं की पुढे नाव लागत नाही. बाकीच्या सर-बाईंनी पण खूप दिलं, पण मला आज फक्त सरांबद्दलच लिहायचंय.

1986 ची नववी. आठवीत लाटणं आणि भोवरा झाला होता, म्हणजे भरीव काम, दोन्ही टोकांना धरलेलं लाकूड, त्यात भीती नाही. नववीत दिवाळीनंतर सरांनी सांगितलं आता करंडा. आपण सगळे सावंतवाडीचे, चितार आळीतून येता-जाता लाखेची फळं, खेळणी, पाट, करंडे लहानपणापासून बघितलेले, त्यामुळे वाटलं ह्यात काय आहे. पण लाकडाला पोट काढायचं हे वेगळंच काम आहे हे लेथसमोर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या मशीनसमोर, उभं राहिल्यावर कळतं. टेलस्टॉक, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग, मागे घेतला की लाकूड एकाच टोकावर, कप चकमध्ये, म्हणजे वाटीसारख्या पकडीत, ठोकून बसवलेलं, आणि दुसरं टोक मोकळं गरगर फिरतंय. त्यात हातातली पटाशी आत घालायची. आत काय चाललंय ते दिसत नाही, भुसा उडत असतो, आणि पटाशी जितकी आत जाईल तितकी टोकाला थरथरते.

लाकूड शिवणीचं होतं. सरांनीच कुठून तरी आणलेलं, वर्षभर वर्कशॉपच्या माळ्यावर सुकवलेलं. 3 इंच उंच, अडीच इंच जाड. आधी बाहेरून आकार दिला, वर फुगीर आणि खाली पायाशी निमुळता, तो छान जमला होता अगदी. मग सरांनी गिरमिटाला लाल दोरा बांधला, म्हणाले ह्या दोऱ्यापर्यंतच भोक, त्याच्याखाली तळ आहे तो आपला नाही. मग मधल्या भोकापासून कडेकडे यायचं, लाकडाची उभी नस आहे म्हणून मधूनच बाहेर, उलट गेलास तर तंतू उपसून येणार. हे सगळं त्यांनी एकदाच सांगितलं आणि बाजूला जाऊन उभे राहिले. सर हात धरून कधीच शिकवत नव्हते.

शनिवार होता, अर्धी शाळा. मला त्याच दिवशी करंडा घरी न्यायचा होता कारण आजी गावाहून आली होती. सर एकदा म्हणाले पण, "घाई कित्याक? लाकूड खंय पळता?" दोऱ्याची खूण मी पाळली, तळाला हात लावला नाही, आणि तरी शेवटच्या पाच मिनिटात टक् असा आवाज झाला आणि पायाजवळून उजेड दिसला. भोक तळाला नाही, तळाच्या वर, कोपऱ्यात पडलं होतं. मला कळेना, खोली तर बरोबर होती मग फुटलं कसं.

मला रडायलाच आलं. सरांनी मशीन बंद केलं, करंडा चकमधून काढला, वाइसमध्ये धरला आणि बारीक दातांची आरी घेऊन सरळ उभा चिरला. वरपासून खालपर्यंत, बरोबर मधोमध. मला वाटलं राग आलाय. पण त्यांनी दोन्ही अर्धे माझ्या हातात ठेवले, म्हणाले बघ. आणि मी बघितलं. तोंडाशी भिंत अर्धा इंच जाड, मधे पाव इंच, आणि पायाशी कागदासारखी होत होत संपलेली. बाहेरून मी खाली निमुळता होत गेलो होतो आणि आतून मात्र पोकळी सरळच खाली नेली होती. सरांनी खिशातली पेन्सिल काढली आणि त्या चिरलेल्या लाकडावरच आतली रेघ कशी असायला हवी होती ती काढून दिली, बाहेरची रेघ जशी वळते तशी, तिच्या मागे मागे. पुढे त्यांनी माझी दोन बोटं धरली, अंगठा बाहेर आणि तर्जनी आत, आणि डोळे मिटायला लावून तोंडापासून पायापर्यंत फिरवली. हात धरून शिकवलं ते तेवढंच, एकदाच.

एक अर्धा मला दिला आणि एक त्यांनी काचेच्या कपाटात ठेवला, पुढच्या बॅचना दाखवायला.

दुसरा करंडा करायला तीन आठवडे लागले. दर चार कातणीला मशीन थांबवायचं, बोटं फिरवायची, परत चालू. झाकण बसवताना सर म्हणाले किंचित सैल ठेव, थंडीत कातलेलं आहे, पावसाळ्यात फुगेल. मी नाही ऐकलं, मला टक्कन बसणारं झाकण हवं होतं. लाख सरांनी समोर उभं राहून लावून घेतली, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते आणि मग केवड्याच्या पानाने घासत राहायचं, लाल रंगावर अशी चकाकी येते की त्यात खिडकी दिसते. आजी गेली, आता तो करंडा आईकडे आहे, कुंकू त्यातच असतं. आणि दर जुलैत झाकण अडकतं, आई फोनवर सांगते, मला दर वेळी सर आठवतात.

मी आज कोल्हापूरच्या फाउंड्रींना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, पॅटर्न आणि कोअर बॉक्स (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, ज्यात करतात तो साचा) बनवून देतो, 24 वर्षं झाली, 11 माणसं आहेत. पंपाची बॉडी असो की व्हॉल्व्ह, सगळं पोकळ काम. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आकसतं तो हिशोब धरून लाकूड मोठं करायचं, आणि आतल्या वाळूच्या कोअरची रेघ बाहेरच्या रेघेच्या मागे गेली पाहिजे, नाहीतर एका बाजूला भिंत जाड, एका बाजूला पातळ आणि कास्टिंग भंगारात. म्हणजे नववीचाच धडा. आता कॉम्प्युटरने चालणारं सीएनसी मशीन आहे, रेझिनचे पॅटर्न आहेत, जाडी स्क्रीनवर दिसते. तरी नवीन पोरगा आला की मी त्याला पहिल्या आठवड्यात एक वस्तू उभी चिरायला लावतो.

मागच्या मे महिन्यात शाळेत आलो होतो. वर्कशॉपच्या जागी आता कॉम्प्युटर आहेत, तेही हवेतच, माझी मुलगी त्याच्यावरच शिकली. पण दोन्ही लेथ कुठे गेले ते कोणाला सांगता आलं नाही आणि मला खरंच फार वाईट वाटलं. आठवीतल्या एका मुलाला विचारलं, त्याने पटाशी कधी हातात धरलेली नाही. सावंतवाडीतला मुलगा. एक लेथ तरी ठेवायला हवा होता असं मला वाटतं. आता बसवायचा असेल तर त्याचा खर्च मी देतो, हे मी कमिटीला कळवलंय, इथेही लिहून ठेवतो.

सर गेले तेव्हा मी कामासाठी कोईम्बतूरला होतो, दोन दिवसांनी कळलं. माझं शॉप त्यांनी कधी बघितलं नाही. बोलावणार होतो, नवीन शेड झाल्यावर, मग मशीन आल्यावर, असं करत राहिलो.

त्या काचेच्या कपाटाचाही पत्ता नाही. आपल्यापैकी कोणी शाळा आवरताना ते सामान घरी नेलं असेल, किंवा सरांनी कोणाला दिलं असेल, तर त्यात शिवणीचा एक अर्धा करंडा असेल, पायाशी भोक आणि कापलेल्या बाजूवर पेन्सिलची रेघ. दुसरा अर्धा माझ्याकडे आहे, शॉपच्या भिंतीवर खिळ्याला लावलेला. कार्यक्रमाला मी तो घेऊन येतोय. कोणाकडे असेल तर आणा, जोडून बघू.