क्विनोलिनचा दुसरा कार्बन

मावशी रोज दुपारी जेवण झालं की एक गोळी घेते. इमॅटिनिब, ४०० मिलिग्रॅम. भरल्या पोटी आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, नाहीतर मळमळतं. २०१२ साली साध्या रक्ततपासणीत तिच्या पांढऱ्या पेशी लाखाच्या वर निघाल्या आणि मग क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हे रक्ताच्या कॅन्सरचं नाव आमच्या घरात आलं. तेव्हापासून ही गोळी चालू आहे. मावशी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दांडिया बाजारातल्या घराचा जिना रोज दोनदा चढते-उतरते.

मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा तिनं गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे धरलं. "ही तू केलेली का गं? इतकी वर्षं कॅन्सरच्या औषधांवरच होतीस ना?"

"नाही मावशी. मी केलेलं एकही औषध बाजारात नाही."

"मग इतकी वर्षं काय करत होतीस?"

तिनं मनापासून विचारलं होतं, टोमणा नव्हता. मला मात्र त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. घरी येऊन लिहायला बसले.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला औषधांचा धंदा परका नसतो. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये इथे अलेंबिक काढली. माझे वडील साराभाईत पॅकिंग खात्यात होते. मी विद्यापीठातून ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. आणि मग पीएच.डी. केली तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. नोकरी लागली तीही औषधाच्या कंपनीत. सुरुवातीची वर्षं काम होतं ते दुसऱ्याचा रेणू वेगळ्या वाटेनं बनवण्याचं. आपल्याकडे २००५ पर्यंत औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, फक्त कृतीवर मिळे. त्यामुळे आमची पिढी कृतीत तरबेज झाली. चार पायऱ्यांचं काम तीन पायऱ्यांत कसं बसवायचं, यील्ड, म्हणजे शेवटी हाती लागणारा माल, कसा वाढवायचा, हे आम्हाला झोपेतही सांगता येई. नवा रेणू मनात आणणं हे वेगळं शिक्षण होतं, आणि ते मला चाळिशीच्या उंबरठ्यावर मिळालं.

त्या शिक्षणाचा पहिला धडा मावशीच्याच गोळीचा. २००१ साली अमेरिकेत इमॅटिनिबला मंजुरी मिळाली तेव्हा आमच्या ग्रंथालयातल्या त्याच्या लेखांच्या झेरॉक्स हातोहात फिरत होत्या.

किनेज म्हणजे एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला एक फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनावर बसवणारं एन्झाइम. फॉस्फेट बसला की ते प्रथिन जागं होतं आणि 'वाढ' असा निरोप पुढे जातो. माणसाच्या शरीरात अशी पाचशेवर किनेजेस आहेत. मावशीच्या पेशींत नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक जोडकिनेज तयार झालं होतं, आणि ते कधी थांबतच नव्हतं. त्याला थांबवायचं तर एटीपी जिथे बसतो त्या खाचेत आपला रेणू बसवायचा. पण ती खाच पाचशेही जणांत जवळजवळ सारखी असते, आणि पेशीत एटीपी तर औषधाच्या हजारो पट जास्त. इतक्या गर्दीत नेमक्या एकाच दारात शिरणारा रेणू बनवता येईल यावर नव्वदच्या दशकात बऱ्याच जाणकारांचा विश्वास नव्हता.

इमॅटिनिबचा मूळ रेणू आधी प्रोटीन किनेज सी या भलत्याच किनेजला अडवायचा. त्याच्या एका कड्यावर, नायट्रोजनच्या शेजारी, एक मिथाइल जोडला. एक कार्बन, तीन हायड्रोजन. त्यामुळे रेणू जरा पिळला गेला, प्रोटीन किनेज सी सुटलं आणि हवं ते किनेज पकडीत राहिलं. पुढे पाण्यात विरघळावा म्हणून पायपरेझिनची शेपटी लावली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ग्रंथालयातून उठून प्रयोगशाळेत गेले आणि फळ्यावर तो रेणू काढून बराच वेळ बघत उभी राहिले. आयुष्यभर हेच करावं असं त्या दिवशी वाटलं.

२००८ मध्ये आमच्या गटाकडे मेट नावाचं, काही कॅन्सरांत बेफाम चालणारं किनेज आलं. आम्ही सात केमिस्ट. आमच्या मालिकेच्या एका टोकाला क्विनोलिन होतं, म्हणजे दोन कडी एकमेकांना चिकटलेली आणि त्यात एक नायट्रोजन. किनेजच्या दोन भागांना जोडणारी एक बिजागरी असते. क्विनोलिनचा नायट्रोजन तिथल्या ११६० क्रमांकाच्या मेथिओनिन या अमिनो आम्लाला हायड्रोजन बंधानं धरतो. ही पकड सुटली तर सगळंच सुटलं.

तीन वर्षांत आम्ही साडेतीनशेच्या आसपास रेणू केले. रोजचं काम मला फार प्रिय होतं. सकाळी आल्या आल्या रात्रभर चाललेली रिॲक्शन पुरी झाली का हे बघायला टीएलसी मारायची, यूव्ही दिव्याखाली स्पॉट बघायचा, वर्कअप, मग पदार्थ शुद्ध करायला सिलिकाचा कॉलम, फ्रॅक्शन गोळा करून रोटा नावाच्या यंत्रावर सुकवायचे. फ्लास्कच्या तळाशी ऐंशी मिलिग्रॅम पांढरी भुकटी उरली की आठवड्याचं सोनं झालं. ती जीवशास्त्रवाल्यांकडे जायची आणि दहा दिवसांनी आकडा यायचा. आमच्यातला एक रेणू दोन नॅनोमोलरला, म्हणजे अगदी नाममात्र प्रमाणात, मेटला अडवत होता. उंदरांतल्या गाठी थांबल्या. यकृताच्या मायक्रोसोममध्ये, म्हणजे औषधं तोडणारी एन्झाइम्स असलेल्या पेशीच्या कणांत, तासभर ठेवला तरी तुटत नव्हता. उंदीर-कुत्र्यांवरच्या सुरक्षा चाचण्यांची आखणी सुरू झाली.

आणि २०१० मध्ये एक शोधनिबंध आला. एसजीएक्स-५२३ नावाचा मेट अडवणारा रेणू माणसांत दिला गेला होता आणि रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्यामुळे ती चाचणी थांबवावी लागली होती. त्या रेणूतही क्विनोलिन होतं, आमच्यासारखंच जोडलेलं. कारण त्यांनी शोधून लिहिलं होतं: यकृतातलं अल्डिहाइड ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम क्विनोलिनच्या दुसऱ्या कार्बनवर, म्हणजे नायट्रोजनच्या लगतच्या कार्बनवर, ऑक्सिजन बसवतं. जो पदार्थ होतो तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मूत्रपिंडात त्याचे स्फटिक धरतात.

हे आधी का दिसलं नाही? कारण हे एन्झाइम मायक्रोसोममध्ये नसतं, पेशीच्या द्रवात असतं. आणि कुत्र्याच्या यकृतात ते काम करत नाही, उंदरात कमी करतं. माकडात आणि माणसात भरपूर. ज्या चाचण्या पार करण्यात आम्ही तीन वर्षं घालवली, त्यांच्या फटीतून नेमकी ही एक गोष्ट निसटत होती.

जानेवारी २०११, उत्तरायणाचा आदला आठवडा. मुलं दुपारपासूनच गच्चीवर पतंग घेऊन होती. आम्ही माणसाच्या यकृताचा द्रव मागवला होता. आमचा सर्वांत चांगला रेणू त्यात टाकला आणि दर दहा मिनिटांनी थेंब काढून रेणूंचं वजन सांगणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर चढवला. यंत्रावर बसलेला मुलगा गुजराती. तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "बेन, प्लस सोळ."

सोळा म्हणजे एक ऑक्सिजन.

तासाभरात निम्म्याहून जास्त रेणू त्या नव्या पदार्थात गेला. खात्रीसाठी हायड्रालझीन घातलं. रक्तदाबाचं जुनं औषध, पण ते हे एन्झाइम बंद करतं. घातल्यावर आलेखावर त्या नव्या पदार्थाचा सुळका आलाच नाही. शंकेला जागा उरली नव्हती.

पुढचे सात महिने आम्ही त्या एका कार्बनशी झगडलो. तिथे मिथाइल बसवला, फ्लोरिन बसवला. एन्झाइम अडलं, पण बिजागरी धरणारा नायट्रोजन अगदी शेजारी, तिथे गर्दी झाली आणि आकडा दोन नॅनोमोलरवरून मायक्रोमोलरमध्ये गेला, म्हणजे पकड शेकडो पटींनी ढिली झाली. हायड्रोजनच्या जागी त्याचंच जड रूप, ड्यूटेरियम, घातलं. वेग कमी झाला, थांबला नाही. क्विनोलिन काढून दुसरी कडी लावून पाहिली. ज्या नायट्रोजनच्या जोरावर रेणू उभा होता, त्याच्यामुळेच तो कार्बन एन्झाइमच्या तोंडी जात होता. ऑगस्टमध्ये प्रकल्प बंद झाला. माझ्या सात वह्या सही करून जमा केल्या.

मला त्याचं दुःख झालं, पण एका गोष्टीचं झालं तेवढं नाही. आम्ही शोधनिबंधाचा मसुदा लिहिला होता. कुठल्या बदलानं एन्झाइम किती अडतं, पकड किती ढिली होते, बेचाळीस रेणूंचा तक्ता होता. वरून उत्तर आलं की बंद प्रकल्पावर काही छापायचं नाही. तो तक्ता आजही कुठल्यातरी गोदामात पडून असेल. ज्यांनी स्वतःच्या फसलेल्या चाचणीचा निबंध लिहिला त्यांच्यामुळे आमचा रेणू माणसाच्या शरीरात गेला नाही. कुणाची तरी मूत्रपिंडं वाचली, त्या माणसाला ते कधी कळणारही नाही. आम्ही मात्र पुढच्याला काहीच दिलं नाही. निवृत्त झाले तरी ही बोच गेलेली नाही. तरुण केमिस्ट कुणी हे वाचत असेल तर एवढंच मागणं आहे: मसुदा तयार ठेवा, दर दोन वर्षांनी पुन्हा विचारा. मी एकदाच विचारलं.

२०२० मध्ये कॅपमॅटिनिबला मंजुरी मिळाली. फुप्फुसाच्या कॅन्सरमधल्या एका लहान गटासाठी, ज्यांच्या पेशींत मेट जनुक वाचलं जाताना त्याचा चौदावा तुकडा, म्हणजे एक्झॉन, गळतो. रचना बघितली आणि खुर्चीत ताठ बसले. तेच क्विनोलिन, तोच मोकळा दुसरा कार्बन! अल्डिहाइड ऑक्सिडेज त्यालाही गाठतं. पण रेणूचा उरलेला भाग वेगळा, शरीरातला त्याचा प्रवास वेगळा, आणि तो गोळी होऊन रुग्णांपर्यंत पोचला. त्या रात्री मला आनंद झाला होता, हे मी खरंच सांगते. क्विनोलिन चुकीचं नव्हतं. आमच्या रेणूत ते जमलं नाही.

काल पुन्हा मावशीकडे गेले. जेवणं झाली, तिनं गोळी घेतली. मी औषधाच्या बिलामागे इमॅटिनिब काढून दाखवलं आणि मिथाइलभोवती गोल केला. "एवढ्याशा जागेमुळे?" असं म्हणत तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आठ-दहा हजारांत महिन्याच्या गोळ्या कशा मिळाल्या, इमॅटिनिबला पेटंट नाकारणाऱ्या २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्या कशा टिकल्या, हेही तिनं ऐकून घेतलं. पण बोट त्या गोलावरच होतं.

"आणि तुझं कुठलं?"

मी शेजारी दोन कडी काढली, नायट्रोजन लिहिला. तिनं पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि नायट्रोजनच्या शेजारच्या कोपऱ्यावर टेकवली.

"इथे अडलं होतं का?"

"हो मावशी. इथेच."