वाळत घालण्याविषयी थोडेसे

भाद्रपदात चार-सहा दिवसांची झड थांबून एखाद्या दुपारी कोरडे ऊन पडते, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या सगळ्या बाल्कन्या बघता बघता कपड्यांनी भरून जातात. परवा अशाच एका दुपारी समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोऱ्यांकडे पाहत मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. पुढच्या दोरीवर चादरी, मधल्या दोरीवर शर्ट आणि कुडते, आणि त्यांच्यामागे, रस्त्यावरून दिसणार नाहीत अशा बेताने, आतले कपडे. सगळे शर्ट खालच्या कडेने टांगलेले आणि कोणत्याही दोन कपड्यांमध्ये चार बोटांचे अंतर. दुसऱ्याच्या घरचे धुणे असे निरखून पाहणे सभ्यपणाचे नाही हे मला ठाऊक आहे, पण त्या घरात हाताला चांगले वळण असलेले कुणीतरी आहे, हे कळून मनाला बरे वाटले.

वॉशिंग मशीन आले की धुण्याचा प्रश्न मिटला, असे आपण समजतो. वास्तविक मशीन भिजवते, घुसळते, खळबळते आणि पिळते; त्यानंतरचे झटकणे, वाळत घालणे, काढणे, घड्या घालणे आणि ज्याचे त्याच्या कपाटात नेऊन ठेवणे जसेच्या तसे उरते. धुणे अंगावर येते ते या उरलेल्या कामामुळेच, आणि माझे मत असे आहे की त्यातली गंमतही याच उरलेल्या कामात आहे.

माझ्या काही खोडी आहेत आणि त्या घरच्यांनी आता मुकाट्याने स्वीकारल्या आहेत. कपडा दोरीवर टाकण्यापूर्वी दोन्ही हातांनी धरून फाडदिशी झटकलाच पाहिजे, कारण त्या एका झटक्यात निम्मी इस्त्री होऊन जाते. काळे आणि निळे कपडे उलटे करून घालावेत, कारण ऊन रंग खाते. जीन्सचे खिसे बाहेर काढून ठेवावेत, कारण सगळा कपडा खडखडीत वाळला तरी खिसा संध्याकाळपर्यंत ओला राहतो. शर्टाच्या खांद्याला चिमटा लावू नये. चिमट्याने उमटवलेले ते टोक घेऊन दिवसभर कचेरीत वावरणारी माणसे मी पाहिली आहेत आणि मला त्यांच्याविषयी नेहमी सहानुभूती वाटत आली आहे. पावसाळ्यात मात्र या खोडींना धार येते. कपड्याला उन्हापेक्षा वारा अधिक लागतो, हे लोक विसरतात आणि ओले कपडे एकाला एक चिकटवून घरात कोंडतात. मग येतो तो कुबट वास. तो बव्हंशी मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूचा प्रताप असतो, आणि कापड बराच वेळ ओलसर राहिले की त्याचे फावते. त्याला तेवढा वेळ न देणे हाच उपाय, म्हणून आमच्याकडे श्रावणभर दिवाणखान्यातल्या पंख्याखालची जागा माणसांना मिळत नाही.

आजोळच्या वाड्यात या कामासाठी दांडी होती. माजघराच्या कडीपाटाला दोन दोरांनी टांगलेली, वापरून वापरून गुळगुळीत झालेली वेळूची दांडी, आणि कोपऱ्यात उभी केलेली एक काठी. आजीचे लुगडे नऊवारी, म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपास. ते पिळून, लांबीत चुण्या घालून ती काठीच्या टोकावर घेत असे आणि माणसाच्या उंचीपेक्षा कितीतरी वर असलेल्या दांडीवरून पलीकडे सोडत असे. मग त्याच काठीने ते कधी इकडून तर कधी तिकडून सरकवत, पसरत, दोन्ही काठ एका रेषेत येईपर्यंत तिचे चाललेले असे. हाताचा स्पर्श नाही, खुर्ची नाही, स्टूल नाही. सोवळ्याचे लुगडे उंचावर आणि एका बाजूला, इतरांचे कपडे अलीकडे. आम्हां मुलांना त्या बाजूला फिरकण्याची मनाई होती. पावसाळ्यात घरात तान्हे मूल असले, की शेगडीवर वेताची टोपली पालथी घातली जाई आणि तिच्यावर लंगोट आणि दुपटी वाळत पडत. त्यांना धुराचा एक वास येई आणि तो वास म्हणजेच बाळाचा वास, अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती.

लुगड्याची घडी घालताना मात्र आजीला दुसरे माणूस लागे. मी पलीकडची टोके धरून उभा राहत असे आणि ती आपल्या बाजूने ताणत म्हणे, "काठाला काठ लाव रे. ओढ. आता ये जवळ." मी जवळ जायचो, माझ्या हातातली टोके ती घ्यायची, खाली लोंबणारा भाग मी उचलायचो आणि पुन्हा मागे सरायचो. शेवटी जी चौकोनी घडी होई ती गादीखाली जाई आणि रात्रभर तिच्यावर कुणीतरी झोपले की इस्त्रीचे काम आटोपे.

उन्हाचे उपकार त्या काळी अधिक उघडपणे मान्य केले जात. हळदीचा डाग आठवा: साबण अल्कधर्मी असल्यामुळे तो लागताच पिवळा डाग लालभडक होतो आणि नवखा माणूस घाबरतो, जाणते माणूस तो कपडा तसाच धुऊन उन्हात टाकते आणि हळद आपोआप उडून जाते. निळीचे काम याहून चतुर. ती कपडा स्वच्छ करीतच नाही, पांढऱ्यावर चढलेला पिवळेपणा निळ्या झाकेने डोळ्यांपासून लपवते, एवढेच. माझे मामा धोतराला नीळ जरा सढळ हाताने घालीत आणि आकाशी धोतर नेसून देवळात जात. पुढे १९८३ साली उजाला आले आणि निळीची पुरचुंडी बादलीत फिरवण्याचे मुलांचे हक्काचे काम गेले.

रविवारी आठवड्याचे सगळे धुणे काढणे ही पद्धत मी सोडून दिली आहे, कारण त्यात धुणेही जाते आणि रविवारही जातो. दिवसाआड थोडेसे लावतो, पावडर पुडक्यावर लिहिली असते त्याहून कमीच घालतो; जास्त घातलेली पावडर कपड्यातच राहते, आणि बोअरचे जड पाणी असले तर टॉवेल अंगाला खरवडू लागतो. खरा नियम मात्र एकच आहे, की दोरीवरून निघालेला कपडा खुर्चीवर पडता कामा नये. एकदा तो खुर्चीवर पडला की खुर्चीही गेली आणि कपडाही गेला. म्हणून मी दोरीपाशीच उभा राहून घडी घालतो, आत रेडिओवर बातम्या लागलेल्या असतात, आणि त्या संपेपर्यंत सगळ्यांचे वेगवेगळे ढीग झालेले असतात.

हे सगळे सांगताना आजीच्या दांडीचे मी कौतुक केले, पण दांडीच्या आधीचा तिचा तास वगळला. हौदाजवळच्या दगडापाशी उकिडवे बसून ती घरातल्या सगळ्यांचे कपडे सोड्याच्या पाण्यातून काढीत असे; थंडीत बोटांच्या पेरांना चिरा पडत आणि रात्री ती त्यांत कोकमतेल भरत असे. तो तास कोणत्याही युक्तीने सुखाचा झाला नसता. महालक्ष्मी स्थानकाजवळच्या पुलावरून १८९० च्या सुमाराचा धोबीघाट दिसतो, तिथे थांबून लोक फोटो काढतात ते दोऱ्यांवरच्या रंगीत कपड्यांचे. खाली दगडी कुंड्यांत गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. वाळत घालण्यात रस घेण्याची उसंत मला आहे, ती माझ्या वाट्याचा तो तास एका मशीनने उचलला म्हणून. आणि ज्या घरी मशीन नाही, तिथे तो अजूनही घरातल्या एखाद्या बाईच्या किंवा बाहेरून धुण्याला येणाऱ्या मावशींच्या हातांवर आहे. तेव्हा धुण्यातल्या आनंदाविषयी फार मोठ्याने बोलू नये, असे मला हल्ली वाटते.

राहता राहिली चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर. तिला काठ नाहीत, त्यामुळे काठाला काठ लावण्याची आजीची सगळी विद्या तिच्यापुढे निरुपयोगी ठरते. मी तिचे बोचके करतो आणि कपाटात नीट घड्या घातलेल्या चादरींच्या मागे दडपून देतो.