उजवीकडचा निळा पोर्ट

आमच्या तालुक्यात अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण होतं आणि कॉम्प्युटरची सगळी बाजू माझ्याकडे होती. सभागृहात ६२ सेविका. कितीतरी जणी सकाळची पहिली एसटी धरून आलेल्या, काही तर त्याआधी वाडीवरून फाट्यापर्यंत चालत. विषय होता पोषण ट्रॅकर ॲपमध्ये मुलांचं वजन आणि उंची भरणं. हे काम वरवरचं नाही. एक आकडा चुकला की धडधाकट मूल कुपोषित दिसतं, नाहीतर कुपोषित मूल धडधाकट. आणि हे दुसरं फार वाईट, कारण मग त्या मुलाकडे कुणी वळूनच बघत नाही.

मुख्यसेविका मॅडमचा फोन, माझा जुना लॅपटॉप आणि त्याला वायरने जोडलेला प्रोजेक्टर. फोनची स्क्रीन लॅपटॉपवर वायरलेस घ्यायची, विंडोजच्या ‘कनेक्ट’ ॲपमधून. केबल लावता आली असती, पण मॅडमना बायकांमध्ये फिरत शिकवायचं होतं. ज्या ताईला अडलं तिच्याजवळ जाऊन, फोन तिच्या हातात देऊन. मला ते मनापासून पटलं होतं. आदल्या संध्याकाळी रिकाम्या सभागृहात ४० मिनिटं चालवून बघितलं होतं, एकदाही तुटलं नाही.

सकाळी मात्र दोन मिनिटं झाली की चित्र अडकायचं, त्याचे चौकोन चौकोन व्हायचे आणि कनेक्शन जायचं. पुन्हा जोडलं, पुन्हा गेलं. फोनचा बॅटरी सेव्हर बंद केला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी वाय-फाय कार्ड बंद करायची परवानगी काढून घेतली. फायरवॉल तपासली, दोन्ही यंत्रं रीस्टार्ट केली. काही फरक नाही.

मग मला वाटलं, ही गर्दी. काल सभागृह रिकामं होतं, आज आत ६२ फोन आहेत. माझ्या लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावर चालणारं, आणि वाय-फाय, ब्लूटूथ, हॉटस्पॉट सगळे त्याच पट्ट्यात दाटीवाटीने बसतात. मी सगळ्यांना फोन फ्लाइट मोडवर टाकायला सांगितले. ज्या फोनवर शिकायला त्या आल्या होत्या, तेच फोन पर्समध्ये गेले. पुढच्या रांगेतली एक ताई म्हणाली, “दादा, मग आम्ही नुसतं बघायचं का?” मला फार वाईट वाटलं. आणि एवढं करूनही तिसऱ्या मिनिटाला पडदा काळा.

चहाच्या सुट्टीत सगळ्या जणी बाहेर गेल्या. सभागृह कालच्यासारखंच रिकामं, तरी कनेक्शन तुटलं. म्हणजे गर्दीचा संबंध नव्हता. मग काल आणि आज यात फरक कशाचा?

विचार करत माऊस हलवला तर बाण अडखळत सरकला. थांबला, उडी मारून पुढे गेला. हा माऊसही वायरलेस, त्याचा नखाएवढा रिसीव्हर लॅपटॉपच्या उजव्या बाजूला. आणि अगदी शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये माझी हार्डडिस्क, दिवा लुकलुकत असलेली. ज्यांना येता आलं नाही त्या सेविकांसाठी आज रेकॉर्डिंग लावलं होतं, ते थेट डिस्कवर जात होतं. काल डिस्क लावलीच नव्हती.

मी रेकॉर्डिंग थांबवून डिस्क काढली. बाण लोण्यासारखा फिरायला लागला.

निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०. त्यातून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने डेटा धावतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट कनेक्टरमधून, केबलमधून बाहेर सांडतो. हा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. केबलचं आवरण हलकं असेल तर त्रास आणखी वाढतो, आणि माझी केबल स्वस्तातली होती. स्क्रीन मिररिंगमध्ये, म्हणजे फोनची स्क्रीन अशी दुसरीकडे दाखवताना, फोन अधूनमधून लॅपटॉपला ‘आहेस ना?’ असं विचारत असतो. गोंगाटात उत्तर पोचलं नाही की फोन कनेक्शन सोडून देतो.

रेकॉर्डिंग सोडायचं नव्हतं. डिस्क डावीकडच्या काळ्या पोर्टला लावली, तो यूएसबी २.०. त्याचा वेग ४८० मेगाबिट, आणि रेकॉर्डिंगला त्याचा अगदी थोडा भाग पुरतो. मॅडमना सांगितलं, “आता बिनधास्त फिरा.” ताईंना सांगितलं, “फोन चालू करा सगळ्यांनी.” एवढा वेळ त्यांना उगाच बसवून ठेवलं म्हणून माफीही मागितली.

दुपारी मॅडम शेवटच्या रांगेत गेल्या आणि वयाने सगळ्यात मोठ्या सेविकेच्या हातात फोन दिला. बोट कुठे टेकतंय ते दिसावं म्हणून मी फोनमध्ये ‘शो टॅप्स’ चालू केलं होतं. पडद्यावर पांढरा ठिपका उमटला, थरथरला, वजनाच्या रकान्यावर थांबला. १, २, ४. मूल १२ किलो ४०० ग्रॅमचं होतं.

“मावशी, पॉइंट राहिला!” पुढून कुणीतरी ओरडलं. मग सगळं सभागृह, “पॉइंट! पॉइंट!”

ठिपका मागे गेला, चार पुसला गेला, आणि पॉइंट आला.