क्यूटीची नोंद: दोन ओसेलारिस, एक कोल टँग, एक रॉयल ग्रामा

क्यूटी म्हणजे क्वारंटाइन टँक: नवे समुद्री मासे मुख्य टँकमध्ये सोडण्याआधी ज्यात वेगळे ठेवून पाहायचे आणि उपचार करायचे तो टँक. या तुकडीसाठी असे दोन मांडले आहेत. मोठ्या ११० लिटरच्या टँकमध्ये टँग आणि ग्रामा, लहान ४० लिटरच्या टँकमध्ये क्लाउनची (ओसेलारिस क्लाउनफिशची) जोडी. क्लाउन वेगळे ठेवण्याचं कारण ब्रूकलिनेला. हा परजीवी क्लाउनना सगळ्यात जास्त पकडतो, त्यावर कॉपर (पाण्यात मिसळायचं तांब्याचं औषध) चालत नाही, आणि त्याचा उपाय (फॉर्मालिन) कॉपरबरोबर चालत नाही. चौघे एकाच पाण्यात असले तर एकाला वाचवताना दुसऱ्याचा उपचार थांबवावा लागतो. 'टँकमध्येच जन्मलेले क्लाउन आहेत, त्यांना काय होणार' हा भरवसा इथे कामाचा नाही. दुकानातल्या सगळ्या टँकमधून एकच पाणी फिरत असेल, तर जन्म कुठे झाला याने काही फरक पडत नाही.

दोन्ही टँकचा तळ उघडा. आत स्पंज फिल्टर, एअर स्टोन, २५.५ अंशांवर हीटर, लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि टी, वर घट्ट जाळी. लाइव्ह रॉक (समुद्री टँकमधला सच्छिद्र, जिवाणू वसलेला दगड) आणि वाळू नाही, कारण त्यांतलं कॅल्शियम कार्बोनेट कॉपर शोषत राहतं आणि मग आकडा कधीच स्थिर राहत नाही. स्पंज महिनाभर आधीपासून मुख्य टँकच्या संपमध्ये (त्याला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) ठेवलेले होते, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया त्यांत आधीच होते. कोरडा स्पंज टाकून 'बॅक्टेरिया होतील हळूहळू' म्हटलं की आठवड्याच्या आत अमोनिया चढतो, आणि औषधाच्या नावावर खपणारे कितीतरी मासे खरं तर अमोनियाने गेलेले असतात.

टँक भरताना पाणी मापाच्या बादलीने मोजून ओतलं. ११० लिटरच्या टँकमध्ये, काठाखालची जागा सोडून, ९६ लिटर मावलं. ४० लिटरच्या टँकमध्ये ३६. पुढचा सगळा हिशोब या आकड्यांवर आहे. काचेवरच्या लेबलप्रमाणे ११० लिटरचा डोस दिला असता, तर लक्ष्याच्या २.२५ मिग्रॅ प्रति लिटरच्या जागी कॉपर २.५८ पर्यंत गेलं असतं.

दिवस १: पिशवी

टँग आणि ग्रामाच्या पिशवीतली खारटता (विशिष्ट गुरुत्वाच्या आकड्यात) १.०१९, क्लाउनच्या पिशवीतली १.०२४. विक्रेते खारटता कमी ठेवतात ते मिठाची बचत म्हणून आणि परजीवींना जरा अडथळा म्हणूनही. विकत घेण्याआधी विचारून ठेवलं की क्यूटी आधीच त्या आसपास आणता येतो. मोठा टँक १.०२१ वर होता. पिशवी तरंगत असताना ९ लिटर पाणी काढून तेवढंच आरओ पाणी घातलं, आकडा १.०१९ वर आला. रिफ्रॅक्टोमीटर (खारटता मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजारात ३५ भाग मीठ असलेल्या, द्रावणाने तपासून घ्यावा. आरओ पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यावर बिनधास्त चुकीचा आकडा दाखवू शकतो.

वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळलं की पिशवी फोडायची, मासा लहान डब्यात घेऊन टँकमध्ये सोडायचा आणि पिशवीतलं पाणी ओतून द्यायचं. थेंब-थेंब पाणी सोडायची पद्धत यात बसत नाही, आणि प्रवासात बरेच तास गेलेले असतील तर ती घातकच. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच ७ च्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरतो. त्या पीएचला साठलेला अमोनिया बहुतेक अमोनियम रूपात असतो, म्हणून मासा तग धरून असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो. पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनियाचं प्रमाण जवळपास दहापट होतं. म्हणजे तास-दीड तास नळीने थेंब सोडत बसणं म्हणजे माशाला त्याच पाण्यात ठेवून ते पाणी विषारी करत जाणं. खारटता आधीच जुळवली असेल तर ते थेंब कशासाठी?

खारटता खाली आणणं मासे चांगलं सोसतात. वर नेताना मात्र दिवसाला ०.००१, फार तर ०.००२. दुकानातल्या १.०१९ मधून मासा थेट १.०२६ मध्ये गेला तर पहिल्या दिवशी ठीक दिसतो, खातोही, आणि दोन-तीन दिवसांनी कोणतंही दृश्य कारण नसताना मरतो.

दिवे पहिला दिवस बंद. खाणं नाही.

दिवस २ ते ३: फक्त निरीक्षण, आणि क्लाउनची पहिली गडबड

ग्रामा दुसऱ्या दिवशी एल्बोतून डोकं बाहेर काढून मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) खायला लागला. टँग नोरीकडे (वाळवलेल्या समुद्री शेवाळाकडे) बघतही नव्हता. कोल टँगचे दात ब्रशसारखे असतात, तो पृष्ठभागावरचा थर खरवडून खातो. क्लिपला लटकणारी नोरी त्याला अन्न वाटत नाही. भिजवलेली नोरी आणि माशांच्या खाद्याचे दाणे एकत्र वाटून ती लगदी खरखरीत घासलेल्या पीव्हीसीच्या तुकड्यावर फासली, वाळू दिली आणि तुकडा आत ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यावर ओरखडे दिसले. इथे दगड वापरायचा मोह होतो, पण कॉपर शोषण्याचं कारण वर आलंच आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्लाउनपैकी मोठ्या मादीच्या अंगावर, डोक्यामागून पाठीपर्यंत, राखाडी-पांढरा चिकट थर. बाजूने टॉर्च मारल्यावर थराची कड पाण्यात सुटी हलताना दिसत होती. श्वास जोरात, पृष्ठभागाजवळ. इथे तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या असतात. पांढरे ठिपके मिठाच्या दाण्याएवढे आणि मोजता येण्यासारखे, तर क्रिप्टोकॅरिऑन. पिठासारखी बारीक, सोनेरी छटेची भुकटी, मासा प्रवाहासमोर तोंड करून उभा आणि उजेड टाळणारा, तर अमायलूडिनियम, म्हणजे व्हेल्वेट. ते आधी कल्ल्यांत बसतं, त्यामुळे अंगावर काही दिसायच्या आत मासा गेलेला असू शकतो. ठिपके नाहीत, भुकटी नाही, नुसता श्लेष्मा पापुद्र्यासारखा सुटतोय, तर ब्रूकलिनेला. मादीवर तेच होतं.

दोघांनाही फॉर्मालिनचं स्नान. १० लिटर पाणी, खारटता १.०२४, तापमान टँकइतकंच, त्यात ३७ टक्के फॉर्मालिन १.५ मिलि, म्हणजे १५० पीपीएम (दशलक्षात १५० भाग). वेळ ४५ मिनिटं, एअर स्टोन पूर्ण जोरात, कारण फॉर्मालिन पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं. हे काम हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. बाटलीच्या तळाशी पांढरा साका असेल तर ती बाटली फेकून द्यावी. तो पॅराफॉर्मल्डिहाइड असतो, माशांना फॉर्मालिनहून अधिक विषारी. मासा बाजूला कलंडला तर घड्याळाकडे न बघता बाहेर काढायचा.

स्नानानंतर मासे जुन्या टँकमध्ये परत गेले तर सगळा खटाटोप पाण्यात. ब्रूकलिनेला सरळ दोन भागांत विभागून वाढतो, टँकमध्ये उरलेला पुन्हा माशावर बसतो. म्हणून ताजं पाणी, निर्जंतुक टँक, दुसरा राखीव स्पंज. पाचव्या दिवशी दुसरं स्नान आणि पुन्हा टँकबदल. त्यानंतर मादीची कातडी स्वच्छ, सातव्या दिवशी दोघं खात होते. त्यांचं कॉपर नवव्या दिवशी सुरू केलं. मधले दिवस सोडले ते फॉर्मालिन आणि कॉपरचा भार एकाच वेळी पडू नये म्हणून.

दिवस ४ ते ८: मोठ्या टँकमध्ये कॉपर

वापरलंय ते चीलेटेड (दुसऱ्या रेणूने बांधून ठेवलेलं) कॉपर, लक्ष्य २.२५ मिग्रॅ प्रति लिटर, मर्यादा २.० ते २.५. हा आकडा फक्त चीलेटेडचा. क्यूप्रामिनसारख्या अमाइन कॉपरचं लक्ष्य ०.५ असतं. दोन्ही बाटल्यांवर 'कॉपर' लिहिलेलं असतं आणि इथेच मोठा घोळ होतो. अमाइन कॉपर २.० वर नेलं तर मासे मरतात, चीलेटेड ०.५ वर ठेवलं तर परजीवींना काहीच होत नाही.

चौथ्या दिवशी ०.५, मग रोज ०.५ ने वर: १.०, १.५, २.०. आठव्या दिवशी २.२५. एकदम पूर्ण डोस दिला तर टँग खाणं सोडतो, आणि नुकतं खायला लागलेल्या कोल टँगने पुन्हा तोंड बंद केलं तर दुसरी संधी क्वचितच मिळते. ड्वार्फ एंजल आणि बरेच रास (wrasse) मासे यांच्यासाठी हीच चढण याहून हळू ठेवावी. मँडरिन माशाला कॉपर देऊच नये.

मोजमाप हॅनाच्या एचआय७०२ या डिजिटल कॉपर मीटरवर. रंग जुळवून बघायच्या किटवर २.० आणि २.५ मधला फरक डोळ्याला कळत नाही. शून्य त्याच टँकच्या पाण्यावर करायचं, काचेच्या कुपीवरचे बोटांचे ठसे पुसायचे, पावडर पूर्ण विरघळवायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. आकडा अनपेक्षित आला तर औषध ओतण्याआधी पुन्हा मोजायचं.

याच काळात अमोनियाकडे दुप्पट लक्ष. अमाइन आणि चीलेटेड कॉपर असताना द्रवाच्या किटवर खोटा अमोनिया दिसू शकतो, म्हणून काचेला आतून चिकटवायचा, अमोनिया दाखवणारा बॅज जास्त भरवशाचा. अमोनिया दिसला म्हणून घाईत क्लोरीन-अमोनिया काढणारं द्रावण ओतू नये. अशा क्षपणकारक (reducing) द्रावणांमुळे कॉपर माशांना अधिक विषारी रूपात जाऊ शकतं. अमोनियावर उपाय पाणीबदल हाच.

पाणीबदलाचंही गणित आहे. ९६ पैकी २० लिटर साधं पाणी बदललं तर २.२५ चं १.७८ होतं, म्हणजे मर्यादेखाली. त्यामुळे नव्या २० लिटरमध्ये ४५ मिग्रॅ कॉपर आधीच मिसळून मग ओतायचं. बाष्पीभवनाने गेलेल्या पाण्याच्या जागी मात्र कॉपर नसलेलंच पाणी, कारण पाणी उडतं, कॉपर उडत नाही.

सहाव्या दिवशी टँगच्या छातीच्या परावर पाच-सहा पांढरे ठिपके. कॉपर तेव्हा १.५ वर. हा औषध फसल्याचा पुरावा नव्हे. ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला ट्रोफॉन्ट, तिथे कॉपर पोचत नाही. तो तीन ते सात दिवसांत गळून पडतो, तळाला चिकटून पुटी बनवतो, आणि त्यातून पोहत निघणारी पिल्लं (थेरॉन्ट) तेवढी कॉपरने मरतात. ठिपके दिसले म्हणून डोस वाढवणं ही नेहमीची चूक आहे. अकराव्या दिवसानंतर टँग स्वच्छ.

दिवस मोजायला सुरुवात आठव्या दिवसापासून, ३० दिवस सलग. मध्ये आकडा २.० खाली गेला तर मोजणी पुन्हा एकपासून.

दिवस १२ ते २०: फ्लूक

ठिपके गेले तरी टँग एल्बोवर अंग घासत होता आणि उजवा डोळा धुरकट दिसायला लागला. कॉपरमध्ये फ्लूक (माशाला चिकटून राहणारे चपटे परजीवी किडे) मजेत जगतात. खात्री करायला गोड्या पाण्याचं स्नान: आरओ पाणी, टँकइतकंच तापमान, खाण्याच्या सोड्याने पीएच ८.२ पर्यंत, भरपूर हवा, काळ्या तळाची बादली, पाच मिनिटं. सुरुवातीला मासा दोन-तीन झटके देतो, त्याला घाबरू नये. चौथ्या मिनिटाला तळावर तिळाएवढे चपटे पांढरे ठिपके पडले. एरवी हे फ्लूक पारदर्शक असतात, गोड्या पाण्यात पांढरे पडून सुटतात, म्हणून दिसतात.

त्यांच्यावर औषध प्रॅझिक्वांटेल, २.५ मिग्रॅ प्रति लिटर, म्हणजे ९६ लिटरला २४० मिग्रॅ. ते कॉपरबरोबर चालतं. शुद्ध पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, थोड्या इथेनॉलमध्ये घोळवावी लागते. पण त्या इथेनॉलवर बॅक्टेरिया वाढतात, पाणी दुधी होतं आणि ऑक्सिजन घटतो, म्हणून दुसरा एअर स्टोन त्याच वेळी सुरू करावा. औषध अंड्यांवर चालत नाही, त्यामुळे सात दिवसांनी, विसाव्या दिवशी, दुसरा डोस. त्याआधीचं औषध काढायला कार्बन (औषध शोषून घेणारा कोळसा) टाकता येत नाही, तो कॉपरही ओढून नेईल. कॉपर मिसळलेल्या पाण्याने पाणीबदल हाच मार्ग. पहिल्या डोसनंतर दोन दिवस टँगची भूक कमी होती, दुसऱ्या डोसला फरक जाणवला नाही. डोळा आठवड्याभरात स्वच्छ.

दिवस २१ ते ३८

इथे लिहिण्यासारखं थोडं आहे, आणि तेच बरं. कॉपर २.१५ ते २.३० मध्ये. ग्रामा दिवसातून दोनदा मायसिस. टँग आता क्लिपवरची नोरीही ओढतो, डोक्यामागचा खळगा भरून आला, पोट सपाट राहिलेलं नाही.

तिसाव्या दिवसापासून खारटता चढवायला घेतली. आरओऐवजी मिठाचं पाणी भरत गेलं की दोन्ही कामं एकत्र होतात: बाष्पीभवनाची भरपाई आणि दिवसाला ०.००१ ने वाढ. १.०२५ वर छत्तिसाव्या दिवशी. या भरतीतही कॉपर मिसळलेलं नाही, कारण जागा उडून गेलेल्या पाण्याची आहे.

अडतिसाव्या दिवशी मोठा पाणीबदल आणि कार्बन. दोन दिवसांत मीटरवर शून्य. आता दोन आठवडे औषधाविना, नुसतं पाहणं. कमी मात्रेतलं कॉपर रोग दाबून ठेवतं, दुकानातले मासे तिथे तुकतुकीत आणि घरी आल्यावर आजारी दिसतात त्याचं हे एक कारण. औषधाशिवायचे हे दिवस वाचवावेसे वाटतात, पण मुख्य टँकमध्ये क्रिप्टोकॅरिऑन शिरला तर सगळे मासे बाहेर काढून तो टँक ७६ दिवस रिकामा ठेवावा लागतो. क्लाउनचा टँक पाच दिवस मागे आहे, तिथे कॉपर अजून २.२.

दोन्ही टँकच्या जाळ्या, नळ्या, मोजपात्रं वेगळी. क्यूटी मुख्य टँकपासून तीन मीटर दूर, कारण एअर स्टोनचे तुषार व्हेल्वेट उडवून नेऊ शकतात. काम संपल्यावर पीव्हीसी, हीटर आणि काच ब्लीचच्या पाण्यात, मग धुऊन पूर्ण कोरडं. कॉपरमध्ये राहिलेले स्पंज पुढेही क्यूटीतच वापरायचे. ते मुख्य टँकच्या संपमध्ये परत गेले तर त्यात मुरलेलं कॉपर कोळंबी, गोगलगायी आणि कोरलवर निघतं. संपमध्ये पुढच्या तुकडीसाठी नवे स्पंज आत्ताच टाकून ठेवले आहेत.