पडदे लावायची ड्युटी

क्रूझवर नोकरी म्हणलं की लोकांना मायामी आणि स्विमिंग पूल आठवतो. माझी पहिली तीन कॉन्ट्रॅक्टं तशीच गेली, खोटं कशाला बोलू. चौथं मात्र एक्स्पिडिशन शिपवर, म्हणजे दुर्गम जागी निसर्ग बघायला नेणाऱ्या छोट्या जहाजावर लागलं, पॅसेंजर जेमतेम सव्वाशे, कॅसिनो नाही, डान्स शो नाही. रत्नागिरीला घरी फोन करून सांगितलं की साउथ जॉर्जियाला चाललोय, तर शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, अगो तिथे रशियाने बॉम्ब टाकलेले ना? तो जॉर्जिया देश वेगळा काकू. हे दक्षिण अटलांटिकमधलं, ब्रिटनच्या ताब्यातलं बेट, सुमारे 170 किलोमीटर लांब, आणि विमानतळच नाही, म्हणजे जायचं तर बोटीनेच. आम्ही अर्जेंटिनातल्या उश्वायाहून निघून आधी फॉकलंड केलं आणि तिथून परत दोन दिवस नुसता समुद्र.

त्या दोन दिवसांत मला कळलं की इथे हाउसकीपिंगचं काम वेगळंच आहे. लाउंजमध्ये सगळे पॅसेंजर आपापली जॅकेटं मांडीवर घेऊन बसलेले, हातात चिमटे, वेल्क्रोमध्ये अडकलेलं गवताचं बी शोधतायत आणि मी व्हॅक्युम क्लीनर घेऊन त्यांचे खिसे साफ करतोय! लाखो रुपये भरून आलेली माणसं कुसळं काढत बसलीत हे बघून मला हसू येत होतं, पण बाहेरून आलेल्या जिवांनी या बेटाचं काय केलं ते ऐकल्यावर हसू गेलं. जुन्या काळी सील मारायला आलेल्या जहाजांमधून उंदीर उतरले आणि त्यांनी जमिनीत बिळं करून राहणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं दोनशे वर्षं खाल्ली. शेवटी 2011 ते 2015 मध्ये हेलिकॉप्टरने विषारी गोळ्या टाकून उंदीर संपवले आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर केलं. मी गेलो 2019 च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे सगळं अगदी ताजं.

सेंट अँड्र्यूज बेला क्रूला पण तासभर उतरू दिलं. किंग पेंग्विनच्या दीड लाखाच्या आसपास जोड्या आहेत म्हणे तिथे. वास आपल्या मिरकरवाड्याच्या मासळी बंदरापेक्षा जरा जास्तच, आणि आवाज म्हणजे वरातीआधी शंभर बँडवाले एकदम ट्रम्पेट तपासतायत तसा. पिल्लं तपकिरी, काथ्याचं पायपुसणं गुंडाळून उभं केल्यासारखी. मी वेड्यासारखे फोटो काढले आणि तिथेच माझं डोकं कामावरून उडालं.

संध्याकाळी टर्नडाउनला, म्हणजे रात्रीसाठी केबिन आवरायला जाऊन प्रत्येक केबिनचा पडदा घट्ट लावायचा हा तिथला नियम. अंधारात जहाजाचा उजेड बाहेर गेला की समुद्री पक्षी त्यावर झेपावतात, पहिल्या पावसात ट्यूबलाइटवर वाळव्या येतात ना, तसंच. डेकवरचे दिवे पण जरुरीपुरतेच ठेवतात. केबिन मी सगळ्या केल्या. पण आमच्या पॅन्ट्रीचा पोर्टहोल, म्हणजे जहाजाची गोल खिडकी, तशीच राहिली, आत लाइट चालू, आणि मी खाली मेसमध्ये सगळ्यांना पेंग्विन दाखवत बसलो होतो.

साडेअकराला उठवलं. बाहेर दाट धुकं, बारीक बर्फ, आणि डेकवर पक्षी पडलेले, ओले, थरथरत, काही रेलिंगखाली घुसलेले. प्रायन आणि डायव्हिंग पेट्रेल, दोन्ही छोटे समुद्री पक्षी. आमचा सुपरवायझर मडगावचा, त्याने एकदा पॅन्ट्रीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "कितें केलें रे तुवें?" मला वाटलं आता पुढच्या पोर्टला घरी. पण ओरडायला कुणाला वेळच नव्हता. प्रोव्हिजन स्टोअरमधून केळ्यांचे खोके आणले, खाली पेपर टॉवेल घातले, आणि आमच्या टीममधल्या पक्षीतज्ज्ञ बाईंनी पकडायचं कसं ते शिकवलं, दोन्ही हातांनी पंख मिटवून, दाबायचं नाही, पिसांना ग्रीस लागू द्यायचं नाही कारण मग पाणी आत शिरतं आणि पक्षी गारठून मरतो. डायव्हिंग पेट्रेल मुठीत मावेल एवढा. त्याच्या अंगाला जुन्या कपाटासारखा उग्र वास येतो आणि काळीज इतकं धडधडतं की ग्लोव्हजमधून पण कळतं.

एकूण 61 मोजले. 4 मेलेले होते.

बाकीचे सुकल्यावर पहाटे अडीचला सोडले, कारण उजाडलं असतं तर स्कुआ नावाच्या शिकारी समुद्री पक्ष्यांनी तिथेच फडशा पाडला असता. सगळे दिवे बंद, मागच्या डेकवर वारा कमी होता त्या बाजूला एकेक खोका उघडायचा. काही दिसत नव्हतं, फक्त हात हलका झाल्याचं कळायचं. मी बाईंना विचारलं, माझ्यामुळेच झालं ना? त्या म्हणाल्या अशा धुक्यात एक दिवा पण पुरतो, आणि बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, वरचं एक दार पण उघडं सापडलं होतं. म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही.

सकाळी त्याच बेटावरचं ग्रितव्हिकेन. पॅसेंजर व्हेल मारायच्या जुन्या गंजलेल्या कारखान्यातून फिरून अंटार्क्टिकाचा शोधक शॅकल्टन याच्या कबरीवर व्हिस्की ओतायला गेले. मी मात्र पॅन्ट्रीत काळी गार्बेज बॅग कापून पोर्टहोलला चारी बाजूंनी टेप मारत होतो. सुपरवायझरने येऊन कोपरे दाबून बघितले आणि एका ठिकाणी अजून एक पट्टी लावायला लावली. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपून साइन ऑफ केलं तेव्हा ती बॅग तिथेच होती.