दोन रकाने

जुनी वही चाळताना एखादं पान हमखास लागतं. मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘फायदे’, उजवीकडे ‘तोटे’. डावीकडे सहा मुद्दे, उजवीकडे चार, आणि खाली कोरं. तारीख नाही, निकाल नाही. घर सोडायचं होतं, शाखा बदलायची होती, की कुणाला तरी ‘नाही’ म्हणायचं होतं, काही पत्ता लागत नाही. विशी-पंचविशीतल्या बऱ्याच वह्यांत असं एक पान असतं, आणि त्याबद्दलची तक्रारही बहुतेकांची एकच असते: एवढं लिहून काही उपयोग झाला नाही.

होणार कसा? आपण कृती अर्धीच उचलली. ही रेघ तशी बरीच जुनी आहे. 19 सप्टेंबर 1772 रोजी अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने लंडनहून जोसेफ प्रीस्टलीला एक पत्र लिहिलं. प्रीस्टली तेव्हा इंग्लंडातल्या लीड्समध्ये धर्मोपदेशक होता, विज्ञानाच्या प्रयोगांचा नाद असलेला, वय 39, पदरी संसार. लॉर्ड शेलबर्न त्याला आपल्या पदरी ग्रंथपाल म्हणून बोलावत होता. जावं की राहावं? फ्रँकलिनने ‘काय कर’ हे सांगायला सरळ नकार दिला. मला पुरेशी माहिती नाही, म्हणाला, पण ठरवायचं कसं ते सांगतो.

त्याची रीत अशी. कागदावर रेघ मारून दोन रकाने करायचे. मग तीन-चार दिवस, जसं सुचेल तसं, दोन्हीकडे त्रोटक टिपत जायचं. कारण सगळे मुद्दे एकाच वेळी डोळ्यांसमोर येत नाहीत, एक पुढे आला की दुसरा नजरेआड होतो. त्यानंतर वजन. डावीकडचा एक मुद्दा उजवीकडच्या एकाच्या तोलाचा असेल तर दोन्ही खोडायचे. एक मुद्दा समोरच्या दोघांच्या तोलाचा असेल तर तिन्ही खोडायचे. इकडचे दोन आणि तिकडचे तीन जुळले तर पाचही गेले. काय उरतं ते पाहायचं, आणखी एक-दोन दिवस थांबायचं, आणि नवीन काही महत्त्वाचं सुचलं नाही तर ठरवून मोकळं व्हायचं.

आपण रेघ तेवढी ठेवली. दिवस गाळले, खोडाखोडही गाळली. रात्री उशिरा, एका बैठकीत, डोकं तापलेलं असताना यादी होते आणि मग सरळ मुद्दे मोजले जातात. सहा विरुद्ध चार! त्यात त्या सहांतले तीन एकाच मुद्द्याचे वेश असतात. ‘पगार जास्त’, ‘बचत होईल’, ‘स्वतःची खोली परवडेल’ हे तीन मुद्दे नव्हेत, पैसा हा एकच मुद्दा तीनदा रांगेत उभा राहिलाय. खोडायला बसण्याआधी असे जुळे-तिळे एकत्र बांधून घ्यावेत. आणि ‘जाऊ की नको’ एवढाच प्रश्न लिहिला असेल तर शेजारी तिसरा रकाना काढावा: ‘जाणं शक्यच नसतं तर काय केलं असतं?’ पुष्कळदा खरी वाट तिथे सापडते. सहा महिन्यांची सुट्टी, अर्धवेळ काम, आधी जाऊन चार दिवस राहून बघणं, असलं काहीतरी.

प्रीस्टली गेला शेलबर्नकडे. तिथेच 1774 च्या ऑगस्टमध्ये त्याने भिंगाने पाऱ्याच्या लाल भस्मावर ऊन एकवटलं आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती भलतीच जोमाने जळताना पाहिली. पुढे त्या वायूचं नाव ऑक्सिजन पडलं. फायद्यांच्या रकान्यात हे कुणाला लिहिता आलं असतं?

माझा या यादीवरचा विश्वास मात्र वेगळ्याच कारणासाठी आहे. मोजमापासाठी ती ठीकठाक. पण आपण लबाडी कुठे करतो ते ती झकास दाखवते. एका बाजूला मुद्दे कमी पडायला लागले की माणूस भर घालू लागतो. ‘हवा चांगली आहे.’ ‘बस थेट मिळते.’ अक्षर मोठं होतं, दोन ओळींतलं अंतर वाढतं. दुसऱ्या बाजूचा वजनदार मुद्दा आला की तो ‘इतर’मध्ये ढकलला जातो. ही भर कोणत्या रकान्यात पडतेय एवढं पाहिलं तरी मन कुठे गेलंय ते कळतं.

चार्ल्स डार्विनचा 1838 सालचा कागद बघा. वय 29. एकीकडे ‘लग्न करावं’, दुसरीकडे ‘करू नये’. न करण्याच्या बाजूला मुद्दे काही कमी नाहीत: हवं तिथे जाण्याचं स्वातंत्र्य, क्लबात हुशार माणसांशी गप्पा, नातेवाइकांकडे जाण्याची सक्ती नाही, आणि लग्न केलं तर पुस्तकांना पैसे उरायचे नाहीत. करण्याच्या बाजूला मुलं, म्हातारपणाची सोबत, आणि ‘निदान कुत्र्यापेक्षा तरी बरं’. वाचणाऱ्याला वाटतं, गडी अडकला. आणि खाली लिहिलंय: लग्न, लग्न, लग्न, आणि पुढे भूमितीतलं सिद्धतेचं ‘इति सिद्धम्’. सिद्ध कसलं डोंबल! पण 29 जानेवारी 1839 ला लग्न झालं एमा वेजवुडशी, आणि संसार चांगला झाला. नातेवाइकांचा मुद्दाही निकालात निघाला असावा, कारण एमा त्याची मामेबहीणच होती.

जी गोष्ट यादी चार दिवसांत दाखवते, ती नाणं दोन सेकंदांत दाखवतं. नाणं हवेत असताना ‘काटा पडू दे’ असं वाटून गेलं तर खाली काय पडलं ते बघायचीही गरज नाही. स्टीव्हन लेविट या अर्थशास्त्रज्ञाने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. नोकरी सोडू का, नातं तोडू का अशा प्रश्नांवर अडलेल्या 20,000 हून अधिक लोकांना त्याने संगणकावर छापा-काटा करू दिला. सहा महिन्यांनी विचारलं, तर मोठ्या प्रश्नांत ज्यांनी बदल केला होता ते, न करणाऱ्यांपेक्षा, सरासरीने जास्त समाधानी निघाले. मात्र ही माणसं आपणहून नाणं उडवायला आलेली होती, म्हणजे आधीच काठावर. ज्याच्या मनात प्रश्नच नाही त्याने यावरून राजीनामा लिहायला घेऊ नये.

आता सल्ला. ‘ऐकावे जनाचे’ इथपर्यंत सगळे पोचतात, अडतं ते पुढच्या निम्म्यावर. अकरा जणांना विचारलं की बारा उत्तरं येतात आणि मूळचं जे थोडं ठरलं होतं तेही विरघळतं. दोघे-तिघे पुरेत. त्यांतला एक तरी गेल्या चार-पाच वर्षांत त्याच वाटेने गेलेला असावा, कारण वीस वर्षांपूर्वीची वाट आता तशी राहिलेली नसते. आणि ‘मी काय करू?’ असं विचारू नये. त्याच्या उत्तरात समोरचा स्वतःचं आयुष्य सांगतो. ‘यात कशाचा अंदाज चुकला?’, ‘पहिल्या तीन महिन्यांत पैसा कशावर गेला?’, ‘पुन्हा करायचं तर काय आधी कराल?’ असं विचारलं की कामाचं हाती लागतं.

घरच्यांच्या बाबतीत तर एक घोळ कायमचा. सांगायला जायचं आणि विचारायच्या सुरात बोलायचं. ‘मी असा विचार करतेय, तुम्हाला काय वाटतं?’ म्हटल्यावर त्यांना काहीतरी वाटणारच, ते त्यांचं कामच आहे. मग ‘माझं कुणी ऐकत नाही’ म्हणून रुसवा. खरोखर विचारायचं असेल तर ठरवण्याआधी विचारावं. ठरलं असेल तर ‘आई, मी हे ठरवलंय, एक तारखेपासून जातेय, पैशांची सोय अशी केलीय’ एवढ्या क्रमाने सांगावं. तारीख आणि पैसा आधी सांगितला की आवाज चढायची वेळ कमी येते. येत नाही असं नाही.

परतीची वाट उघडी ठेवावी का, यावर माझं मत मध्येच डळमळतं. जो निर्णय फिरवता येतो त्यावर महिने घालवू नयेत, हे पटतं. पण 2002 साली डॅनिएल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. छायाचित्रणाच्या वर्गात प्रत्येकाने आपल्या आवडत्या दोन छायाचित्रांतलं एक ठेवायचं आणि एक द्यायचं. काहींना नंतर काही दिवस बदलून घ्यायची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांना मुभा नव्हती त्यांना आपलं छायाचित्र जास्त आवडलं. मुभा असलेले बहुधा ‘ते दुसरं बरं होतं का?’ यातच राहिले. म्हणजे निवडताना फिरवता येईल असं निवडावं, आणि निवडल्यावर दार लोटून घ्यावं? जमेल त्याने करावं.

ठरलं की मात्र त्याच दिवशी चार ओळी लिहाव्यात: तारीख, काय ठरवलं, कशाच्या भरवशावर, आणि सहा महिन्यांनी काय दिसेल असा अंदाज. नाहीतर निकाल लागल्यावर ‘मला तेव्हाच वाटत होतं’ असं मन बिनदिक्कत सांगतं. आणि बऱ्या निर्णयाचाही निकाल वाईट लागू शकतो, हे फक्त त्या जुन्या ओळींवरूनच कळतं.

हे सगळं अर्थात ज्याच्या हातात पेन आहे त्याच्यासाठी. ज्या मुलीची प्रमाणपत्रं दुसऱ्याच्या कपाटात कुलूपबंद आहेत, जिचा पगार दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो, घरात ‘नाही’ म्हटलं तर जिला मार पडतो, तिला आत्मविश्वास वाढवायच्या युक्त्या सांगणं ही क्रूर थट्टा आहे. तिथे क्रम वेगळा. कागदपत्रांच्या प्रती घराबाहेर सुरक्षित ठेवणं, फक्त स्वतःच्या नावाचं खातं, दुसऱ्याच्या हाती न पडणारा पासवर्ड, रात्री-अपरात्री दार उघडेल असं एक माणूस. आणि यातलं काहीही घरातल्या वहीत लिहून ठेवू नये.