बाईंचा केरवा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि पहिल्यांदा आठवलं ते समूहगीतातून झालेलं माझं उच्चाटन. आठवीत होतो. संगीताच्या बाईंनी पेटी थांबवली, रांगेत माझ्यापाशी येऊन कान दिला आणि म्हणाल्या, "तू गाऊ नकोस रे बाबा. पण हात लयीत आहे तुझा. ताल धर." तबला एकच, तो दहावीतल्या मुलाकडे. मग मी डब्याच्या झाकणावर केरवा शिकलो, आठ मात्रांचा ताल. धा गे ना ती, न क धीं ना.

साल 1972. दुष्काळ, रेशनच्या रांगा, रॉकेलची मारामार. गोरेगावात पाण्याची रड तर त्याआधीपासूनची. मृणाल गोरे 'पाणीवाली बाई' झाल्या त्या इथूनच. त्या वर्षी मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाईविरुद्ध एकत्र आल्या आणि लाटणे मोर्चे निघाले. आमच्या बाई त्यात होत्याच. संध्याकाळी चाळीच्या चौकात तालीम चाले. आईबरोबर मीही जाई. पहिल्या दिवशी नुसता खणखणाट. बाईंनी जेमतेम मिनिटभर सोसलं.

"अहो, भांडी घासताय का?"

मग मला पुढे उभं केलं, हातात आईचं लाटणं आणि पितळी थाळी. "ह्याच्याकडे बघा आणि वाजवा." चौथ्या दिवशी अख्खा चौक केरव्यात वाजत होता. घोषणांनाही त्यांनी पट्टी ठरवून दिली. वर चढायचं नाही, सचिवालयापर्यंत घसा टिकला पाहिजे! (तेव्हा मंत्रालयाला सचिवालय म्हणत.)

शाळेत मात्र मोर्चाचं अक्षर नाही. तिथे फक्त भूप राग. "म नाही, नी नाही. अडलं का काही?" असं विचारून पुन्हा आरोह घ्यायला लावत. आमच्या घरातल्या रेशनकडे बघून त्या हे विचारत असाव्यात, असं मला आता वाटतं. तेव्हा फक्त कंटाळा यायचा.

निवृत्तीनंतर त्यांनी वस्तीतल्या मुलांना गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना बसवायचं काम काढलं. फी भरायची वेळ आली की आम्हाला फोन. कसा आहेस वगैरे नाही, थेट "किती देतोस?"

शेवटचा भेटलो तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. गुडघे गेलेले, पेटीच्या झाकणावर महापालिकेला द्यायच्या अर्जांची चवड. मृणालताईंचं नाव दिलेल्या उड्डाणपुलावरून आलो, असं मी कौतुकाने सांगितलं. "पुलाला नाव दिलं, छान केलं. मागच्या वस्तीत नळ किती वाजता येतो, ते विचारलंस कुणाला?" मी गप्प.

मग म्हणाल्या, "वाजव." मी खुर्चीच्या हातावर केरवा धरला. त्यांनी डोळे मिटून भूपातलं एक भजन सुरू केलं. आवाज कापत होता, सूर नाही. दुसऱ्या आवर्तनात माझी खाली, म्हणजे टाळी नसलेली मात्रा, चुकली. डोळे न उघडताच त्यांनी बोट वर केलं. मी थांबलो आणि पुन्हा समेपासून धरलं.